बर्फाच्या गावी जाण्यापूर्वी : हिवाळी सहलीच्या तारखा, वाटा आणि उबदार मुक्काम

नवी दिल्ली : काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ सुरू होते. चाळीस दिवसांच्या या कडाक्यानंतर वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि अखेरीस दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’, अशी थंडीची उतरती भाजणी खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मोजली जाते. याच सुमारास नाताळची सुटी लागते आणि मुंबई, पुणे, नागपूरपासून इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगावपर्यंतची मराठी कुटुंबे बर्फ पाहण्यासाठी उत्तरेकडे निघतात. पंचांगात थंडीचा आणि शाळेच्या सुटीचा मुहूर्त असा जुळून आला, तरी बर्फाचा मुहूर्त त्यात बसेलच असे नाही. हिवाळी सहलीचे नियोजन फसते ते बहुतेक वेळा याच गृहीतकावर.

जानेवारी २०२४ चे उदाहरण ताजे आहे. देशातील सर्वांत प्रसिद्ध बर्फक्रीडा केंद्र असलेल्या गुलमर्गच्या उतारांवर त्या महिन्यात बर्फाऐवजी तपकिरी गवत दिसत होते. खरी बर्फवृष्टी महिनाअखेरीस झाली. तोवर नाताळ आणि नववर्षाचे पर्यटक परतलेही होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत होणारा ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडा स्पर्धांचा गुलमर्ग टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि तो मार्च २०२५ मध्ये पार पडला. सरकारी स्पर्धेची ही गत, तर चार दिवसांची रजा काढून आलेल्या कुटुंबाला निसर्गाने वेगळी वागणूक द्यावी, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणावी लागेल.

बर्फ येतो कुठून?

उत्तर भारतातील हिवाळी पाऊस आणि बर्फ यांचा मोसमी वाऱ्यांशी संबंध नसतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयाला धडकतात. हवामान विभाग त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतो. हिवाळ्यात असे अनेक विक्षोभ येतात. काही दुर्बळ असतात आणि केवळ ढग दाखवून जातात, काही मात्र दोन दिवसांत कित्येक फूट बर्फ टाकून जातात. विक्षोभ येण्याचा अंदाज साधारण पाच ते सात दिवस आधी बऱ्यापैकी विश्वासाने देता येतो. त्यामुळे दोन महिने आधी केलेल्या आरक्षणाच्या तारखेला बर्फ पडेल की नाही, हे कोणताही सहल आयोजक सांगू शकत नाही. तसे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीकडे त्याच नजरेने पाहावे.

दुसरा मुद्दा उंचीचा. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे एकाच विक्षोभातून सुमारे १,५८५ मीटर उंचीवरील श्रीनगरात पाऊस, तर २,६५० मीटरवरील गुलमर्गमध्ये बर्फ पडू शकतो. हिमाचलात मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि तेथून जवळच असलेले सोलंग अडीच हजार मीटरच्या वर. मनालीच्या बाजारात पावसाने चिखल झालेला असताना सोलंगला भुरभुर बर्फ पडत असल्याचा अनुभव नवा नाही. अटल बोगद्याच्या पलीकडचे सिस्सू तीन हजार मीटरच्याही वर आहे. शिमला आणि मसुरी ही नावे मराठी मनात बर्फाशी घट्ट जोडलेली असली, तरी दोन हजार मीटरच्या आसपासच्या या शहरांत बर्फ वर्षातून मोजकेच दिवस पडतो आणि फार टिकत नाही. पडलेला बर्फ पाहायचा की पडताना पाहायचा, हे ठरवले तर ठिकाण निवडणे सोपे जाते. पहिल्यासाठी उंची पुरेशी आहे. दुसऱ्यासाठी नशीब लागते.

थंडीविषयीचा आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सर्वांत थंड रात्र ही बर्फ पडणारी रात्र नसते. आकाशात ढग असले की ते पांघरुणासारखे काम करतात आणि जमिनीची ऊब धरून ठेवतात. आकाश निरभ्र झाले की ती ऊब रातोरात निघून जाते. २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे श्रीनगरात उणे ८.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. डिसेंबर महिन्यातील पाच दशकांतली ती सर्वांत थंड रात्र होती आणि तेव्हा खोऱ्यात हवा कोरडी होती. अशा रात्री नळ गोठतात, दल सरोवराच्या कडा गोठतात. ‘बर्फ नाही म्हणजे थंडी कमी असेल’ असे समजून लोकरीचे कपडे घरी ठेवणाऱ्यांची पंचाईत होते ती अशीच.

तारखा ठरवताना

नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महागडा, सर्वांत गर्दीचा आणि बर्फाच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाच्या आठवड्यांपैकी एक असतो. २७ डिसेंबर २०२४ रोजी मनालीजवळ सोलंग परिसरात अचानक झालेल्या बर्फवृष्टीत सुमारे हजार वाहने अडकली आणि हजारो पर्यटकांना पोलिसांनी रात्री उशिरापर्यंत बाहेर काढले. बर्फ पाहण्यासाठी आलेल्यांना बर्फ मिळाला, पण तो गाडीच्या काचेतून, कित्येक तास.

शाळकरी मुलांची अडचण नसेल तर जानेवारीचा तिसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ अधिक सोयीचा. तोवर उंचावर बर्फाचे थर साचलेले असतात, खोल्यांचे दर उतरलेले असतात आणि दिवसही किंचित मोठा झालेला असतो. अर्थात प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारी सुटी याला अपवाद. ज्यांना शाळेच्या सुटीतच जावे लागते, त्यांनी बर्फाला सहलीचा एकमेव हेतू करू नये आणि उंचीवरील ठिकाणी किमान दोन रात्री ठेवाव्यात. सकाळी श्रीनगरहून निघून गुलमर्गला जाऊन संध्याकाळी परतणे कागदावर जमते. त्यात हवा बिघडली की तो दिवस वाया जातो आणि दुसरा मिळत नाही.

धुक्याची वाट

मराठी पर्यटकाच्या हिवाळी सहलीतील सर्वांत मोठा अडथळा हिमालयात नसतो. तो दिल्लीच्या आसपास असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत पंजाब ते बिहार असा गंगा-सिंधूचा सारा मैदानी पट्टा पहाटे दाट धुक्यात बुडतो. रेल्वे या काळात काही गाड्या आधीच रद्द करते किंवा त्यांच्या फेऱ्या कमी करते आणि धावणाऱ्या गाड्या पाच-सहा तास उशिरा पोहोचणे नेहमीचे होते. विमानांचे तेच. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर अत्यल्प दृश्यमानतेत उतरण्याची यंत्रणा आहे. परंतु विमान आणि वैमानिक दोघेही त्यासाठी सज्ज असावे लागतात आणि जेथे जायचे त्या डोंगरातील विमानतळावर तशी सोय असेलच असे नाही.

यावरून निघणारा नियम साधा आहे. मुंबई किंवा नागपूरहून दिल्लीला येणारी गाडी आणि पुढचे विमान एकाच दिवशी ठेवू नये. दिल्लीत किंवा चंडीगडला एक रात्र काढावी. तो खर्च सहलीच्या अंदाजपत्रकातच धरावा. पहाटेचे विमान स्वस्त दिसते, पण धुके सर्वांत दाट असते तेही पहाटेच. दुपारी बारा ते चार या वेळेतील उड्डाण थोडे महाग पडले तरी ते घ्यावे.

रेल्वे आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे नाताळच्या गाडीचे आरक्षण ऑक्टोबरच्या अखेरीस उघडते. गाडी आपल्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि प्रवासच करायचा नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर दाखल करून पूर्ण परतावा मागता येतो. हा हक्क अनेकांना ठाऊक नसतो आणि गाडी निघून गेल्यावर तो उरत नाही. विमान कंपनीने धुक्यामुळे किंवा बर्फामुळे उड्डाण रद्द केले तर नुकसानभरपाई मिळत नाही; मात्र तिकिटाचे पैसे परत किंवा पर्यायी उड्डाण यांपैकी एक मागता येते. हॉटेलचे पैसे मात्र ज्याच्या त्याच्या अटींवर. म्हणून हिवाळ्यात ‘विनापरतावा’ खोली स्वस्त असली तरी ती टाळलेली बरी.

काश्मीरसाठी आता आणखी एक वाट उघडली आहे. उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला हा २७२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग जून २०२५ मध्ये पूर्णत्वाने जोडला गेला आणि कटरा येथून श्रीनगरपर्यंत वंदे भारत गाडी सुरू झाली. डबे आणि पाण्याच्या टाक्या गोठू नयेत यासाठी या गाडीत खास व्यवस्था आहे. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरील चिनाब पूल याच मार्गावर लागतो. दरड किंवा बर्फामुळे रामबन-बनिहाल परिसरात महामार्ग बंद पडला आणि विमानांचे दर आकाशाला भिडले, की खोऱ्यात अडकलेल्या पर्यटकांपुढे पूर्वी पर्याय नसे. आता तो आहे. बनिहालहून खोऱ्यात उतरणारी ही गाडी बर्फाळ शेतांतून आणि उघड्याबोडक्या चिनारांमधून धावते. केवळ त्या टप्प्यासाठीही तिकीट काढावे असा तो प्रवास आहे.

याच हंगामात सोनमर्गही खुले राहू लागले आहे. गगनगीरजवळचा धोकादायक, हिमकडे कोसळणारा रस्ता टाळणारा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात सोनमर्ग जवळजवळ बंदच असे. हिमाचलात हेच काम ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याने केले. रोहतांग खिंड बंद झाली की सहा महिने जगापासून तुटणारे लाहौल आता हिवाळ्यातही पर्यटकांच्या टप्प्यात आले. तेथील लोकांना याचा आनंद आहे, पण तो निर्भेळ नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तेथे हालडा, फागली यांसारखे सण येतात आणि त्या काळात काही गावे पर्यटकांसाठी बंद ठेवली जातात. सिस्सूचा बेत आखताना स्थानिक प्रशासनाकडे याची चौकशी करावी. देवाच्या सणात गावाला शांतता हवी असेल, तर पाहुण्याने ती मोडू नये.

बर्फ पडल्यावर शेवटचे काही किलोमीटर निराळेच असतात. तंगमर्ग ते गुलमर्ग या १३ किलोमीटरच्या चढावर अशा वेळी फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडले जाते. श्रीनगरहून ठरवलेली टॅक्सी तंगमर्गला थांबते आणि पुढे स्थानिक गाडी करावी लागते. हे फसवणूक म्हणून पाहू नये. मात्र गाडी ठरवतानाच दर कोणत्या टप्प्यापर्यंतचा आहे हे विचारून घ्यावे. सोलंग आणि अटल बोगद्याच्या दिशेनेही पोलिस असेच निर्बंध घालतात. मैदानी प्रदेशातून स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांनी बर्फावर गाडी चालवण्याचा सराव तिथे करू नये. रस्त्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या बर्फापेक्षा, पाणी गोठून डांबरावर बसलेला आणि डोळ्यांना न दिसणारा काचेसारखा थर अधिक घातक असतो. तो सकाळी दहापर्यंत आणि सूर्य मावळल्यानंतर असतो. प्रवास त्या दोहोंच्या मध्ये करावा.

ऊब खोलीची असते, घराची नव्हे

थंड प्रदेशातील उबदार घर म्हटले की परदेशी चित्रपटांतील, सगळीकडे सारखेच तापलेले घर डोळ्यांसमोर येते. हिमालयातील घर तसे नसते. तेथे इंधन जपून वापरावे लागते, म्हणून एकच खोली तापवतात आणि सारे कुटुंब तिथे जमते. काश्मिरी घरात या खोलीला ‘हमाम’ म्हणतात. दगडी लाद्यांच्या फरशीखाली पोकळी असते. बाहेरच्या बाजूने तिच्यात लाकडे पेटवतात, धूर धुराड्यातून निघून जातो आणि फरशी तासन्‌तास गरम राहते. त्याच आगीवर तांब्याच्या भांड्यातील पाणी तापते. हाऊसबोटींत आणि जुन्या अतिथिगृहांत ‘बुखारी’ असते, म्हणजे लोखंडी शेगडी आणि तिचे छतातून किंवा खिडकीतून बाहेर काढलेले नळकांडे. लाहौल, स्पिती, किन्नौरमध्ये तशाच शेगडीला तंदूर म्हणतात आणि हिवाळ्यातले सारे घर, स्वयंपाकासकट, तिच्याभोवती फिरते. कुलू भागातील काठकुणी घरे लाकूड आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून बांधतात. खाली गुरे, वर माणसे, आणि गुरांची ऊब वरपर्यंत पोहोचते. अंगावर घालण्याच्या सैल फेरनच्या आत धरायची ‘कांगडी’, वेताच्या विणीतली मातीची निखाऱ्यांची कुंडी, ही या साऱ्या व्यवस्थेची सर्वांत लहान आवृत्ती.

मुक्काम निवडताना ही पद्धत ध्यानात घेतली की योग्य प्रश्न सुचतात. खोली कशाने तापवली जाते, हा पहिला. वीज गेली तर काय, हा दुसरा. कारण डोंगरांत हिवाळ्यातच विजेची मागणी सर्वाधिक आणि पुरवठा सर्वांत तोकडा असतो. जनरेटर दिवे लावतो, हीटर बहुधा चालवत नाही. हीटरचे पैसे वेगळे आहेत का, गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळेत, नळ गोठल्यास पाण्याची सोय काय, आणि रस्त्यापासून दारापर्यंत किती चालावे लागते, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो. दोन फूट बर्फात सामान आणि वृद्ध आई-वडिलांना घेऊन अडीचशे मीटर चढ चढणाऱ्याला तो किरकोळ वाटत नाही. छायाचित्रात सुंदर दिसणारी मोठ्या काचांची खोली तापवायला सर्वांत कठीण असते; दक्षिणेकडे तोंड असलेली, लाकडी तक्तपोशीची लहान खोली अधिक उबदार. घरगुती निवास घेत असाल तर त्याची राज्याच्या पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का ते पाहावे. हिमाचलात अशी नोंदणी योजना २००८ पासून आहे.

न दिसणारा धोका

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे आणि सहलीच्या जाहिरातीत तो कधीच नसतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमण येथे सहलीला गेलेल्या केरळमधील आठ पर्यटकांचा बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपल्यानंतर गुदमरून मृत्यू झाला. त्यांत चार मुले होती. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरात भाड्याच्या घरात राहणारे एकाच कुटुंबातील पाच जण असेच दगावले. दरवर्षीच्या हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यामागील कारण बहुधा एकच असते : कार्बन मोनॉक्साइड.

कोळसा, लाकूड किंवा गॅस पुरेशा हवेशिवाय जळू लागला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. माणूस झोपेत असेल तर त्याला जागही येत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित, हा समज विशेष घातक. राख धरलेल्या निखाऱ्यांतून हा वायू निघतच राहतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे होणारे मृत्यू याच प्रकारातले.

पर्वतात याला आणखी एक पदर आहे. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे ही या विषबाधेची लक्षणे आणि उंचीवरील विरळ हवेचा त्रास यांची लक्षणे जवळजवळ सारखीच असतात. पर्यटक ‘उंची लागली’ म्हणून पांघरूण ओढून झोपतो आणि तीच चूक ठरते. फरक ओळखण्याची ढोबळ खूण अशी की, खोलीतील सर्वांना एकाच वेळी त्रास होऊ लागला आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले, तर संशय वायूचा घ्यावा. सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बरे वाटले तरी रुग्णालय गाठावे.

काळजी घेणे अवघड नाही. ज्या शेगडीचे नळकांडे खोलीबाहेर जाते तिच्यातही रात्रभर विस्तव ठेवू नये. ज्या शेगडीला नळकांडेच नाही ती झोपण्याच्या खोलीत घेऊ नये, मग यजमान कितीही आग्रह करो. कांगडी अंथरुणात नेऊ नये. खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी. विजेवर तापणारी चादर झोपण्यापूर्वी अंथरूण गरम करण्यासाठी वापरून बंद करावी. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारायंत्र-संच तळहाताएवढा असतो आणि ऑनलाइन मिळतो. सहलीसाठी नवा स्वेटर घेण्याआधी तो घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोटारीतही हाच धोका असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ पर्यटक दगावले. गोठवणाऱ्या थंडीइतकेच तेथे गाड्यांमध्ये साचलेल्या वायूकडे बोट दाखवले गेले. गाडी बर्फात रुतली आणि ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवले, तर सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजते आणि धूर आत येऊ लागतो. अशा वेळी दर थोड्या वेळाने खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन सलग चालवू नये आणि काच किंचित खाली ठेवावी. गाडीत पाणी, खाण्याचे कोरडे पदार्थ, घोंगड्या आणि विजेरी असावी.

बर्फावर आणि बर्फावाचून

गुलमर्गची गोंडोला दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या बाजूला सुमारे ३,९५० मीटरपर्यंत. तिकिटे ऑनलाइन आधीच काढावी लागतात आणि गर्दीच्या दिवसांत ती लवकर संपतात. दुसरा टप्पा वाऱ्यामुळे वारंवार बंद राहतो. समुद्रसपाटीवरील मुंबईकर दोन दिवसांत इतक्या उंचीवर पोहोचतो, त्यामुळे हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांना घेऊन आलेल्यांनी पहिल्या टप्प्यावरच समाधान मानावे. बर्फ तेथेही तोच असतो.

स्कीइंग खरोखर शिकायचे असेल तर तासाभराच्या हौसेपेक्षा प्रशिक्षण घ्यावे. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे. दोन्हीकडे हिवाळ्यात नवशिक्यांचे वर्ग चालतात आणि अर्ज बरेच आधी करावे लागतात. आखून दिलेल्या उतारांबाहेर जाऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला, आणि तो नवशिका नव्हता. घसरगाडी ओढणाऱ्यांशी दरावरून होणारी हुज्जत हा गुलमर्गच्या सहलीचा जणू अविभाज्य भाग झाला आहे. दर आधी ठरवावा हे खरेच. पण ज्या वर्षी बर्फ पडत नाही त्या वर्षी या माणसांचा सारा हंगाम बुडतो, हेही ध्यानात असू द्यावे.

बर्फ नसला तरी हिवाळा काही कमी दाखवत नाही. श्रीनगरच्या जुन्या शहरात पहाटे हरिसा मिळतो. मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून घोटलेला हा पदार्थ थंडीच्या महिन्यांतच होतो आणि सकाळी नऊपर्यंत संपतो. शाकाहारींसाठी गुलाबी, खारट नून चहा आणि बेकरीतली ताजी रोटी आहे. हा चहा पहिल्या घोटाला आवडत नाही, तिसऱ्या दिवशी मात्र त्याचीच आठवण होते. होकरसर पाणथळीवर मध्य आशिया आणि सायबेरियातून आलेली लाखो बदके, हंसक उतरलेले असतात. हिमाचलात नग्गरचा लाकूड-दगडांचा जुना वाडा आणि तेथील निकोलस रोरिक यांचे चित्रसंग्रहालय एक संपूर्ण दिवस घेते. संध्याकाळी तूप सोडलेला वाफाळता सिड्डू खाऊन तंदुराशेजारी बसावे.

कपड्यांबाबत फार सांगण्याजोगे नाही. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, अंगालगत सुती कपडा नको, कारण घामाने किंवा बर्फाने ओला झाला की तो वाळत नाही. भाड्याने मिळणारे बूट आतून ओलसर असतात, म्हणून मोज्यांच्या दोन जोड्या जवळ ठेवाव्यात. काळा चष्मा ही चैन नव्हे. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे खरोखर भाजतात.

निघण्याच्या आठवड्यात

पाच दिवस आधीपासून हवामान विभागाच्या श्रीनगर, शिमला किंवा देहरादून केंद्राचा जिल्हावार अंदाज रोज पाहावा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे बेत बदला. हिमस्खलनाचे स्वतंत्र इशारे चंडीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेकडून दिले जातात. महामार्ग खुला आहे का, हे वाहतूक पोलिसांच्या अधिकृत समाजमाध्यम खात्यांवर सकाळी कळते. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली होती आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडली गेली. त्यामुळे आपल्या यादीतील प्रत्येक ठिकाण सध्या खुले आहे का, याची खातरजमा प्रशासनाच्या ताज्या सूचनांवरून करावी, दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. परतीच्या विमानाच्या आदली रात्र गुलमर्ग किंवा सोनमर्गला न काढता श्रीनगरात काढावी, आणि मनालीहून निघणाऱ्यांनी दिल्ली किंवा चंडीगडला.

जाता जाता मोबाइलचे. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड चालत नाहीत, फक्त पोस्टपेड चालतात. कुटुंबातील किमान एका क्रमांकाची योजना निघण्यापूर्वी बदलून घ्यावी. हे काम दोन-तीन दिवस घेते, श्रीनगर विमानतळावर उतरल्यावर करायचे ते नव्हे.